ट्यूनिंग बॉक्स बसवल्यावर पिकअप किती वाढला, हे परफॉर्मन्स मीटरने कळेल का? कुठला मीटर घ्यावा?

कळेल. हा मीटर म्हणजे गाडीचा वेग आणि त्याला लागलेला वेळ मोजणारं छोटं उपकरण. पण एकाच रनच्या आकड्यावर विसंबलात तर फसाल. सोलापुरात याच मुद्द्यावरून माझं एका गॅरेजवाल्याशी चांगलंच वाजलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मित्राच्या डिझेल हॅचबॅकला त्या गॅरेजवाल्याने बॉक्स (सेन्सरचे सिग्नल बदलून इंजिनातून जादा ताकद काढणारी इलेक्ट्रॉनिक डबी) बसवून दिला. ‘आधी’चं रीडिंग भर दुपारी घेतलं, तुळजापूर रोडने जाताना, एसी चालू, गाडीत तिघं. ‘नंतर’चं रात्री, सोलापूरकडे परतताना, एसी बंद, चालवणारा एकटा. ०-१०० मध्ये (शून्यापासून ताशी १०० किलोमीटरला लागणाऱ्या वेळेत) दोन सेकंदांहून जास्त फरक दिसला आणि तोच मीटर नाचवत त्याने पैसे घेतले.

आता हिशेब बघा. तुळजापूर बालाघाटावर आहे, तिकडे जाताना जमीन चढत जाते. शंभर मीटरला एक मीटर चढ डोळ्याला दिसतही नाही, पण तेवढ्यात ०.०१ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) खर्च होतो. सपाटीवर १२ सेकंद घेणारी गाडी अशा रस्त्याला वर जाताना साधारण साडेबारा आणि उतरताना साडेअकरा घेते. म्हणजे एक सेकंद तर रस्त्यानेच दिला. दोन माणसं उतरली की सव्वाशे-दीडशे किलो कमी होतात. अकराशे किलोच्या गाडीला त्याचा आणखी एक सेकंद सहज मिळतो. एसी आणि दुपारची हवा अजून धरलेलीच नाही. ४२ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के विरळ असते. बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीला तो फटका थेट बसतो, टर्बोला थोडा कमी. मग बॉक्सच्या वाट्याला उरलं काय? नंतर त्याच गाडीवर एकाच संध्याकाळी, त्याच रस्त्याच्या त्याच तुकड्यावर, दोन्ही दिशांना, बॉक्स काढून आणि लावून मोजलं. फरक अर्ध्या सेकंदाच्या आत आला. गॅरेजवाला तरीही म्हणतो, “पिकअप पाठीला जाणवतो की!” पाठीला थ्रॉटलचा झटका जाणवतो, सेकंद नाही.

पद्धत अशी ठेवा. ०-१०० सोडून द्या, त्यात क्लच सोडण्याचं कसबच जास्त मोजलं जातं. तिसऱ्या गिअरला ३५ वर स्थिर चाला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि ४० ते ८० ची वेळ घ्या. इंजिन नीट तापलेलं हवं, टायरची हवा, डिझेल आणि माणसं तीच हवीत. प्रत्येक दिशेला निदान तीन रन घेऊन मधला आकडा धरा, मग दोन्ही दिशांची सरासरी काढा. तीन रनमध्येच अर्ध्या सेकंदाची तफावत येत असेल, तर अर्ध्या सेकंदाच्या सुधारणेला काही अर्थ नाही. स्पीडोमीटरचा काटा बघून स्टॉपवॉच लावू नका. काटा खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवतो, कमी दाखवायची त्याला परवानगीच नाही.

मीटर कुठला? निदान १० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा वेळा वेग देणारा जीपीएसवाला, ड्रॅगीसारखा. नुसता मोबाइल नको. बहुतेक फोन सेकंदाला एकदाच वेग देतात आणि तेवढ्यात गाडीचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटरने वाढतो. जुन्या जी-टेकसारखे नुसत्या ॲक्सिलरोमीटरवर (प्रवेग मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणारे मीटरही चालतात, पण जोर लावल्यावर नाक एक अंश उचललं तरी त्यांना ०.०१७ जी जादा दिसतो. दहा सेकंदांत ही चूक ताशी सहा किलोमीटरवर जाते. असा मीटर चाचणीच्या जागेवरच लेव्हल करून घ्या. सक्शन कप लावण्याआधी काच स्पिरिटने पुसा, नाहीतर आपल्याकडच्या उन्हात तो सुटणारच. रन संपला की मीटर डॅशबोर्डवर ठेवू नका, बॅटरी फुगते. सेटिंगमध्ये ‘एक फूट रोलआउट’ चालू आहे का तेही बघा. तो चालू असला की पहिला फूटभर मोजला जात नाही आणि शून्यापासूनची वेळ ०.३-०.४ सेकंदांनी आयती घटते. या सेटिंगचा फायदा काही गॅरेजवाले मुद्दाम घेतात.

मीटरचा मला खरा उपयोग वाटतो तो ब्रेकचा. रोजच्या चालवण्यात ब्रेक ०.३ जीच्या वर जात असेल तर तुम्ही पुढे बघून चालवत नाही, हे नक्की. खड्ड्यावरचे आकडे तेवढे सोडून द्या.

एक राहिलं. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाड्यांची शर्यत किंवा गाड्यांमधली वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, त्यामुळे खाजगी आवार मिळालं तर तिथेच मोजा. कोजागिरीच्या आसपास तर तुळजापूर रोडचं नावही काढू नका, रात्रभर माणसं पायी चाललेली असतात. आणि बॉक्स घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी गॅरेजवाल्याला दोन्ही दिशांची रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला सांगा. नाही म्हणाला तर किल्ली परत घ्या.