खाली बसवलेली ७२ ची फोक्सवॅगन कॅम्पर परत ओरिजिनल हाइटला कशी आणायची?

आधी गाडीखाली झोपून बघा की खाली कशी केलीय. पुढच्या बीमच्या (पुढची चाकं ज्याला जोडलेली असतात तो आडवा नळ्यांचा भाग) दोन्ही नळ्यांवर वेल्डिंग करून अ‍ॅडजस्टर (हाइट कमी-जास्त करायचे) बसवलेत का? असतील तर तिथूनच बरीच वर येते, ड्रॉप स्पिंडल (चाक ज्यावर बसतं तो भाग, गाडी खाली यावी म्हणून बदललेला) असतील तर मात्र स्टॉक स्पिंडलच टाकावे लागतात. मागे कॉइल स्प्रिंग नाहीये, टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आहे, म्हणजे त्याच्या टोकावरची स्प्रिंग प्लेट (बारला चाकाशी जोडणारी पट्टी) काढून बारच्या दात्यांवर फिरवून लावायची. खोलण्याआधी जुना अँगल मार्क करा आणि प्लेटखाली जॅक ठेवाच, ती ताणाखाली असते, सुटली तर हात मोडेल. आखूड शॉक टाकले असतील तर तेही बदला नि हाइट बेड-कपाटं आत असतानाच मोजा. शेवटी चाकांची अलाइनमेंट, ती टाळू नका प्लीज.