आधी तालमीची जागा

चि.,
आशीर्वाद.

कोणत्या दिग्गजाचा अभ्यास करू, असं विचारलंस. नावं ढीगभर सांगेन, पण आधी एक खोड मोड. नाटकाचा इतिहास वाचताना आपण फोटोतल्या माणसाकडे बघतो. हॉलची किल्ली कोणाकडे होती, हे बघत नाही.

१९६० साली मुंबईत 'रंगायन' ही नाट्यसंस्था उभी राहिली. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे अशी मंडळी. सभासदांच्या वर्गणीवर चालायची, प्रयोग मोजके. १९६७ मध्ये तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आलं. त्यातल्या नायिकेचं, बेणारेबाईंचं, ते शेवटचं स्वगत आज तुम्ही सगळे स्पर्धेत म्हणता (आणि बहुतेक जण पहिल्याच वाक्याला रडायला लागता, ते कृपा करून थांबवा). ते स्वगत मूळ संहितेत नव्हतं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे आणि बेणारे करणाऱ्या त्यांच्या पत्नी सुलभाताई हटून बसले, तेव्हा तेंडुलकरांनी ते लिहिलं. लेखकाच्या मागे असं लागणारी माणसं तालमीतच भेटतात, घरी एकटं बसून नाही.

पुढे याच देशपांडे दांपत्याच्या 'आविष्कार' या संस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू केले. एका शाळेचा हॉल, बाकी काय! पण तिथे इतर संस्थांनाही जागा मिळाली आणि 'छबिलदास' हे प्रायोगिक नाटकाच्या एका चळवळीचं नाव झालं.

याची दुसरी बाजू पुण्यात दिसते. १६ डिसेंबर १९७२ ला पीडीएने (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या नाट्यसंस्थेने) तेंडुलकरांचंच 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणलं, दिग्दर्शक जब्बार पटेल. त्यात ब्राह्मणांची एक रांग आहे; ती गाते, नाचते, आणि पाठ फिरवली की तीच भिंत होते. त्या रांगेतला एक जण तालमीला आला नाही तर भिंतीलाच भगदाड. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं. कलावंत बाहेर पडले, १९७३ मध्ये 'थिएटर अकॅडमी' काढली आणि पुढच्या वर्षी 'घाशीराम' पुन्हा उभं केलं. पुढे ते युरोपलाही गेलं. त्यांनी नवी संस्था काढली नसती, तर एकोणिसावा प्रयोग शेवटचाच ठरला असता.

मी तुझ्या वयाचा असताना एका ग्रुपमध्ये तीन वर्षं होतो. अभिनय सगळ्यांनाच करायचा होता, जमाखर्चाची वही कोणालाच नको होती. चौथ्या वर्षी हॉलचं भाडं थकलं आणि ग्रुप मोडला. भांडणसुद्धा झालं नाही धड.

तेव्हा तुझी नवी एकांकिका सध्या राहू दे. आठवड्यातले तीन दिवस, संध्याकाळी सात ते दहा मिळेल अशी खोली शोध. पंखा असला तर उत्तम. वर्गणीची वही दुकानातून आजच आण. भाडं ठरवायला जाशील तेव्हा मला सोबत ने, घासाघीस मला बरी जमते.

तुझा,
काका