द्राक्षबियांचं तेल, जांभूळबियांची पूड, बियांचे अर्क: यांचा आरोग्याला खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की आईला मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे आणि नातेवाइकांनी प्रेमाने तीन गोष्टी आणून दिल्या आहेत: द्राक्षबियांच्या तेलाची बाटली, जांभूळबियांची पूड आणि 'ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट'चे थेंब (ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे, पपनसासारखं लिंबूवर्गीय फळ). यातलं काय द्यावं, हा तुमचा प्रश्न. आधी थेट उत्तर देते. तेल स्वयंपाकात वापरून संपवा, पण पुन्हा विकत आणू नका. पूड डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय सुरू करू नका. थेंब मात्र देऊच नका.

मी खाद्यतेलं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे अशा बाटल्या रोज हाताखालून जातात. त्यांच्या जाहिरातीत एक गोष्ट हमखास गाळलेली असते. बीमध्ये खूप काही असतं, पण तेल काढलं की तेलात विरघळतं तेवढंच बाटलीत येतं. बाकीचं पेंडीत राहतं. कुठल्याही बियांच्या तेलाचे गुण वाचताना एवढं विचारायचं: हा गुण ज्या घटकामुळे आहे, तो तेलात उतरतो का?

द्राक्षबियांचंच घ्या. 'भरपूर अँटिऑक्सिडंट' असं लेबलवर छापलेलं असतं. द्राक्षाच्या बीत पॉलिफिनॉल, म्हणजे अँटिऑक्सिडंट गुणाचे घटक, असतात हे खरं आहे, पण ते तेलात फारसे विरघळत नाहीत, बहुतेक चोथ्यातच राहतात. त्यांचा अर्क काढून कॅप्सूल विकतात, ती वस्तू वेगळी. तेलात उरतं ते मुख्यतः लिनोलेइक आम्ल हे असंपृक्त मेदाम्ल, साधारण 70 टक्के. तूप-डालड्याऐवजी असं तेल वापरलं तर वाईट कोलेस्टेरॉल कमी होतं, हा फायदा खरा आहे. पण आपल्या मराठवाड्यातल्या, सोलापुराकडच्या करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात लिनोलेइक आम्ल तेवढंच किंवा थोडं जास्तच असतं. ई जीवनसत्त्व पाहिलं तर सूर्यफुलाच्या 100 ग्रॅम तेलात सुमारे 41 मिलिग्रॅम असतं, द्राक्षबियांच्या तेलात सुमारे 29. मग कितीतरी पट किंमत कशासाठी मोजायची? शिवाय तेल कुठलंही असो, ग्रॅममागे 9 कॅलरी ठरलेल्याच. 'हे आरोग्याचं तेल आहे' म्हणून भाजीत दोन चमचे जास्त पडलं, तर मधुमेह्याचं नुकसानच.

डाळिंबबियांच्या तेलाबद्दलही हल्ली बरंच विचारतात. त्यात प्युनिसिक आम्ल नावाचं खास मेदाम्ल असतं, तेही निम्म्याहून बरंच जास्त. संशोधकांना त्याचं कुतूहल आहे, मलाही आहे. पण हे तेल हवेशी पटकन बिघडतं आणि माणसांवरचा पुरावा अजून तुटपुंजा आहे. डाळिंबाचे दाणे बियांसकट चावून खा, त्यात तंतूही मिळतात.

आता ज्या तेलाबद्दल मला मनापासून सांगावंसं वाटतं त्याकडे येते, कारण त्याची जाहिरात कोणी करत नाही. कोकमाच्या बियांचं तेल, म्हणजे आमचं मुठेल. गोव्यात भिरंडेल म्हणतात. माझं माहेर सिंधुदुर्गातलं. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडले की सालं आमसुलांसाठी उन्हात जायची आणि बिया वेगळ्या सुपात. गर धुऊन काढलेल्या बिया कडकडीत वाळवायच्या, वरचं टरफल फोडून आतला दाणा काढायचा, तो कुटून बारीक करायचा आणि मोठ्या टोपात पाण्याबरोबर उकळत ठेवायचा. तेल हळूहळू वर येतं. टोप उतरवून रात्रभर तसाच ठेवला की सकाळी पाण्यावर पिवळट पांढरी जाड साय धरलेली असते. ती काढून पुन्हा तापवायची, पाण्याचा अंश तडतडून जाईपर्यंत, आणि कोमट असताना मुठीत दाबून गोळे वळायचे. वरून बोटांचे ठसे उमटलेले असतात आणि नखाने खरवडलं तर मेणासारखा पापुद्रा निघतो.

हे तेल भर मे महिन्यातही घट्ट राहतं, कारण ते वितळतं साधारण 38 ते 40 अंशांना. त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल आणि बाकीचं बरंचसं ओलेइक आम्ल. कोको बटरशी त्याची ठेवण इतकी जुळते की युरोपीय संघाच्या 2000 सालच्या चॉकलेटविषयक नियमांत कोको बटरशिवाय ज्या सहा वनस्पतिजन्य मेदांना 5 टक्क्यांपर्यंत परवानगी आहे, त्यांत कोकम आहे. आंब्याच्या कोयीतला मेदही त्याच यादीत आहे. आपण मात्र कोयी उकिरड्यावर फेकतो, याची मला खरंच हळहळ वाटते.

मुठेलाचा खरा उपयोग त्वचेवर आहे. पळीत थोडं वितळवून टाचांच्या भेगांत भरायचं आणि वर मोजे घालून झोपायचं. ते त्वचेवर थर धरतं, आतला ओलावा उडू देत नाही. मधुमेहात पायांची त्वचा कोरडी पडते, भेगा पडतात, त्यातून जंतू शिरतात, म्हणून तुमच्या आईला याचा फायदा होऊ शकेल. मात्र भेग खोल असेल, रक्त किंवा पू दिसत असेल, पाय बधिर असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. लावताना तेल गरम नको, कोमटच हवं. बधिर पायाला चटका कळत नाही. बोटांच्या बेचक्यांत लावू नका, तिथे ओल साठून बुरशी धरते.

खायचं म्हणाल तर कोकणात मऊ भातावर घालून खातात. स्टिअरिक आम्ल संपृक्त असलं तरी इतर संपृक्त मेदांसारखं कोलेस्टेरॉल वाढवत नाही, त्यामुळे कधीमधी अर्धा चमचा खायला हरकत नाही. पण 'कोकमाने वजन घटतं' हे या तेलाला चिकटवू नका. तो दावा ज्या हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लावर उभा आहे, ते सालीत असतं, बियांच्या तेलात नाही.

तेलात काय उतरत नाही, हे काही वेळा आपल्या पथ्यावर पडतं. कडू जर्दाळूच्या बीत अमिग्डालिन असतं, पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. हिमाचलात याच बियांचं चुली तेल काढतात. अमिग्डालिन तेलात विरघळत नाही, म्हणून नीट काढलेलं तेल वापरात आहे. बिया खाणं मात्र धोक्याचं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2016 मध्ये सांगितलं की कडू जर्दाळूच्या तीनहून अधिक लहान कच्च्या बिया एका वेळी खाल्ल्या तरी मोठ्या माणसाची सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. 'कॅन्सरवर जर्दाळूच्या बिया' असे निरोप फिरतात म्हणून हेही सांगते: अमेरिकेत 178 रुग्णांवर याच अमिग्डालिनच्या औषधाची चाचणी झाली, 1982 मध्ये निष्कर्ष छापून आले, कॅन्सरवर उपयोग शून्य, आणि काहींच्या रक्तात सायनाइड विषारी पातळीजवळ पोचलं होतं. घरातलं उदाहरण हवं असेल तर सीताफळाच्या बियांची पूड. उवांसाठी केसांना लावतात, ती डोळ्यात गेली की बुबुळावरच्या पडद्याला जखम होते. कृपा करून लहान मुलांच्या डोक्याला लावू नका.

आता तुमच्या थेंबांबद्दल. ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क 'नैसर्गिक जंतुनाशक' म्हणून विकतात. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी बाजारातल्या अशा अर्कांची तपासणी केली, तेव्हा अनेकांत बेंझेथोनियम क्लोराइडसारखी कारखान्यात बनलेली जंतुनाशकं सापडली, आणि जंतू मरत होते ते त्यांच्यामुळे. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम अशा थेंबांनी वाढल्याच्या नोंदीही आहेत. असली वस्तू आईच्या पोटात कशाला?

जांभूळबियांची पूड आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिला मी खोटं म्हणणार नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत साखर उतरलेली दिसते. पण तिथले डोस मोठे असतात, माणसांवरच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची नीट चाचणी घेतली, तर साखर हललीही नाही. गोळीच्या जागी पूड, हे कधीच करू नका. आणि पूड खरंच काम करत असेल तर काळजी उलटी आहे: ग्लिमेपिराइड स्वतःच साखर खाली आणतं, दोन्ही मिळून ती फार खाली जाऊ शकते.

डॉक्टरांनी पुडीला होकार दिलाच, तर पहिले काही आठवडे घरी ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर लिहून ठेवा. आईला घाम फुटला, हात थरथरले, छातीत धडधडलं किंवा ती असंबद्ध बोलू लागली तर लगेच साखर तपासा. 70 च्या खाली असेल आणि ती शुद्धीवर असेल तर तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. या गोळीचा असर बराच वेळ टिकतो, म्हणून साखर वर आली तरी पुढचे काही तास तिला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.