ट्यूबमध्ये गर्भ राहिलाय, इंजेक्शन घेऊन बायकोला लगेच गावी न्यावं का?

दादा, तुम्ही लिहिलंय की वहिनींना सहावा आठवडा चालू आहे, गर्भ डाव्या ट्यूबमध्ये (गर्भनलिकेत) आहे, बीटा एचसीजी (गर्भ राहिल्यावर रक्तात वाढणारं हार्मोन) १८०० आलंय आणि डॉक्टर इंजेक्शन देऊया म्हणतात, तर इंजेक्शन झालं की जांबोटीच्या पुढं गावी नेलं तर चालेल का. नाही, नेऊ नका. इंजेक्शन घ्या, पण बेळगावातच राहा, कुणा पाहुण्यांकडं राहा नाहीतर खोली बघा. मी इथं बेळगावात बायकांच्या वॉर्डात नर्स आहे, आणि इंजेक्शन टोचलं म्हणजे झालं असं समजून लोक घरी जातात तेव्हा मला खरंच भीती वाटते.

या इंजेक्शनातलं मेथोट्रेक्सेट हे औषध गर्भाच्या पेशींची वाढ थांबवतं, पण गर्भ तिथनं लगेच जात नाही, हळूहळू विरघळतो, त्याला काही आठवडे लागतात आणि तोपर्यंत ट्यूब फुटू शकते, रिपोर्टमधला एचसीजीचा आकडा उतरत असला तरीसुद्धा. फुटली की रक्त पोटातच साचतं, बाहेर कदाचित थोडंसंच दिसतं. आता पावसाळ्यात तिकडचा रस्ता, रात्रीची वेळ, फोनला रेंज नाही, अशात १०८ ला फोन लागून गाडी येऊन बेळगावला पोचेपर्यंत किती वेळ जाईल तुम्हीच बघा की.

इंजेक्शन सगळ्यांना देतही नाहीत. बीपी-नाडी चांगली पाहिजे, गर्भाचे ठोके नकोत, ट्यूबमधली गर्भाची गाठ साधारण साडेतीन सेंटीमीटरपेक्षा लहान, एचसीजी शक्यतो ५००० च्या आत, आणि रक्त, लिव्हर, किडनीचे रिपोर्ट नॉर्मल. अजून एक अट आहे ती घरच्यांना कुणी नीट सांगत नाही, पेशंटला परत परत तपासणीला येणं जमलं पाहिजे. इंजेक्शनचा दिवस पहिला धरून चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासतात. चौथ्या दिवशी आकडा वाढलेला दिसला तर घाबरू नका, तसं होतं. चौथ्यापासून सातव्यापर्यंत किमान १५ टक्के उतरला पाहिजे, नाही उतरला तर दुसरा डोस किंवा ऑपरेशन. उतरला तरी पुढं दर आठवड्याला तपासणी असते, अगदी निगेटिव्ह होईपर्यंत, आणि दरवेळी एकाच लॅबमध्ये करा, लॅब बदलली की आकडे जुळत नाहीत.

फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून बंद करा, आशाताईंनी दिलेल्या असल्या तरी, त्यानं इंजेक्शनचा परिणाम कमी होतो. दुखलं तर मेडिकलमधली पेनकिलर आपल्या मनानं देऊ नका, पॅरासिटामॉल चालते का विचारून घ्या. जड उचलणं नको, संबंध नको. आणि कुणी गर्भपाताच्या गोळ्या आणून देतो म्हणालं तर अजिबात ऐकू नका, त्या गोळ्यांनी ट्यूबमधला गर्भ जात नाही, नुसतं ब्लीडिंग होतं आणि माणसाला वाटतं सुटलो.

पहिल्या आठवड्यात थोडं पोट दुखतं, पण जोराची कळ आली, चक्कर आली, अंग गार पडून घाम सुटला, किंवा खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं तर सकाळची वाट बघू नका, तडक कॅज्युअल्टीत न्या. खांद्याचं दुखणं पोटात रक्त साचल्यामुळं असू शकतं, लोक वात म्हणून बाम लावत बसतात.

बेळगावात राहणं जमतच नसेल तर तसं आजच डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजू नका. मग ते दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवतील, बहुतेक वेळा ती ट्यूब काढतात, आणि दुसरी चांगली असली तर पुढं दिवस राहतात. तुमच्या आईंनी विचारलंय तेही सांगते, ट्यूबमधला गर्भ उचलून पिशवीत ठेवता येत नाही, कुठंच नाही, त्यामुळं वहिनींनी काय केलं काय खाल्लं हे काढू नका, त्यांना आधीच खूप त्रास होतोय.

सहीचा फॉर्म कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल, मराठीत समजावून सांगा म्हणा, वॉर्डात सांगणारं कुणीतरी असतंच. वहिनींचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं (पुढच्या बाळाला रक्तगटामुळं त्रास होऊ नये म्हणून देतात ते) विचारा. नंतर किमान तीन महिने दिवस राहू देऊ नका, आणि पुढच्या वेळी पाळी चुकली की सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून गर्भ पिशवीत आहे का बघा, कारण एकदा असं झालेल्या बाईला परत होण्याची शक्यता साधारण दहात एक असते.