दुबईहून अर्ज करू की मुंबईहून?

प्रश्न : मी ४ वर्षे दुबईत नोकरी करतो. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीसाठी (कुशल कामगारांना कायम वास्तव्य देणारी योजना) दिल्लीचे व्हिसा कार्यालय निवडावे की आखाती देशातले? मित्र म्हणतो, जिथे गर्दी कमी तिथे अर्ज टाक.

उत्तर : मित्राचा सल्ला कागदी अर्जांच्या काळातला आहे. जानेवारी २०१५ पासून एक्स्प्रेस एंट्रीचा अर्ज ऑनलाइन भरला जातो आणि कोणत्या कार्यालयाने तो तपासायचा हे कॅनडाचे इमिग्रेशन खातेच ठरवते. ‘गर्दी नसलेले कार्यालय मिळवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

पत्ता मात्र खरा, म्हणजे दुबईचाच द्या. बायोमेट्रिक्सचे पत्र आले की ३० दिवसांत ठसे द्यायचे असतात. ते दुबईत द्या किंवा सुट्टीत मुंबईला आलात तर तिथल्या व्हिसा अर्ज केंद्रात.

खरी अडचण पोलीस दाखल्यांची, म्हणजे तुमच्या नावावर गुन्हे नोंद आहेत की नाहीत हे सांगणाऱ्या कागदांची. गेल्या १० वर्षांत जिथे सलग ६ महिने वा अधिक राहिलात, त्या प्रत्येक देशाचा दाखला लागतो. म्हणजे तुम्हाला अमिरातीचाही हवा आणि भारताचाही. कॅनडाकडून अर्ज करण्याचे निमंत्रण आल्यावर तो भरायला हातात फक्त ६० दिवस असतात आणि पासपोर्टवर जुना पत्ता असला की भारतातली पडताळणी रखडते. आधीच सुरुवात करा, पण फार आधीही नको : सध्या राहता त्या देशाचा दाखला अर्जाच्या दिवशी ६ महिन्यांपेक्षा जुना चालत नाही.