भोपळ्याच्या वेलाला फुलं भरपूर, पण फळ लिंबाएवढं होऊन गळतं. कोणतं औषध मारू?

औषध आधी बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये परड्यात तांबड्या भोपळ्याच्या बिया टोचल्या, वेल कुंपण ओलांडून शेजाऱ्यांकडे गेला, रोज सकाळी पिवळीधमक फुलं दिसतात, पण फळ धरलं असं वाटेपर्यंत ते पिवळं पडून गळतं. हा रोग नाही. तुम्ही ज्याला फळ म्हणताय ते अजून फळ झालेलंच नाही.

भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन वेगळी फुलं येतात. नर फूल लांब, सडपातळ देठावर ताठ उभं असतं. मादी फुलाचा देठ आखूड असतो आणि पाकळ्यांच्या खाली गोटीएवढा इवलासा भोपळा असतो. हा इवलासा भोपळा फूल उमलायच्या आधीपासूनच तिथे असतो, म्हणून फसगत होते. पराग मिळाला तर तो वाढतो. नाही मिळाला तर दोन-चार दिवस तसाच राहतो, मग पिवळा पडून किंवा टोकाकडून कुजून गळतो.

माझी आई वेलाजवळ आम्हा पोरांना बोट दाखवू द्यायची नाही. "बोट नको दाखवू, कुजंल ते!" दाखवायचंच असेल तर बोट दुमडून दाखवायचं. आणि दाखवलेलं फळ चार दिवसांनी खरंच गळालेलं असायचं, त्यामुळे तिचं म्हणणं दर वेळी खरं ठरायचं. न दाखवलेलीही किती गळायची, ते कोण मोजतंय! कोल्हापुरात कळंब्याकडे घर बांधल्यावर मी स्वतः वेल लावला, तेव्हा कळलं की बोटाचा संबंध आहे, पण उलटा. वेलाला बोट लावलं तरच फळ धरतं.

भोपळ्याचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही. तो नेतात सातेरी मधमाश्या, पोयाच्या बारक्या मधमाश्या आणि काळे भुंगे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टची झड लागली की माश्या पोळ्यातून बाहेरच पडत नाहीत. त्यात फूल पहाटे उमलतं आणि नऊ-दहापर्यंत मिटायला लागतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडत नाही. म्हणजे मादी फुलाच्या हातात एकच सकाळ, आणि त्या सकाळीही पाऊस.

म्हणून ते काम आपण करायचं. रोज संध्याकाळी वेलावरून नजर फिरवा. उद्या उमलणाऱ्या कळीचं टोक हिरवं राहत नाही, पिवळं होतं. अशी मादी कळी दिसली की तिच्या देठाजवळ रंगीत दोरा बांधून ठेवा, नाही तर सकाळी त्या सुपाएवढ्या पानांत ती सापडत नाही. पावसाचं लक्षण असेल तर तिच्यावर आणि दोन-तीन नर कळ्यांवर कागदी पिशवी सैलसर चढवा. पराग भिजला की वाया गेला.

सकाळी सहा ते आठच्या दरम्यान ताजं उमललेलं नर फूल देठासकट खुडा. पाकळ्या सोलून टाका, मधली पिवळी दांडी उघडी होईल. बोट लावून बघा, पिवळी पूड लागली पाहिजे. मादी फुलाच्या मध्यात तीन फुगीर भाग दिसतात. त्या तिन्हींवर ही दांडी हलक्या हाताने घासा. एकाच भागावर घासलं तर फळ एका बाजूला फुगतं आणि दुसरीकडे चपटं राहतं. माझा पहिला भोपळा असाच निघाला, शेजारच्या आक्का बघून म्हणाल्या, "याला गालफुगी झालीया का?" एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरली तर चांगलं. नर फूल दुसऱ्या वेलाचं असलं तरी चालतं.

जमलं की नाही हे तीन-चार दिवसांत कळतं. देठ जाड होतो, फळ खाली वळतं आणि दर दिवशी वाढलेलं दिसतं. पण दहा घासली म्हणून दहा धरणार नाहीत. परड्यातला एक वेल दोन-तीन, फार तर चार फळं पोसतो. त्यावरची तो स्वतःच टाकून देतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आता कदाचित तुम्ही म्हणाल, मादी फुलंच नाहीत. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस नुसती नर फुलं येणं हे भोपळ्याचं रीतसर वागणं आहे. दिवस मोठा आणि उकाडा जास्त असला की नर फुलं वाढतात. ऑगस्टअखेर दिवस आखडायला लागले, हवा निवली, की मादी दिसायला लागतात. त्यानंतरही दहा-पंधरा नर फुलांमागे एखादं मादी, असंच चालतं. जादा नर फुलांची भजी करा, पण सकाळचा पराग लागणार असेल तेवढी सोडून.

खताचं मात्र माझं ऐका, कारण त्यात मी पोळलोय. पहिल्या वर्षी एका दुकानदाराने सांगितलं म्हणून दर पंधरा दिवसांनी मूठ-मूठ युरिया टाकला, वर एक टॉनिकही फवारलं. वेल असा माजला की पायवाट बंद झाली, आणि फळ एकही नाही. नत्र जास्त झालं की वेल पानंच काढत बसतो. आता मी लावतानाच आळ्यात दोन बुट्ट्या कुजलेलं शेणखत घालतो, फुलं यायला लागली की वरून चुलीची राख थोडी, बस्स. पुढच्या वर्षी वेल दहा-बारा पानांचा झाल्यावर शेंडा खुडा, फाटे फुटतात आणि मादी फुलं फाट्यांवर जास्त येतात.

फळ धरल्यावरचा खरा वैरी म्हणजे फळमाशी. ती कोवळ्या सालीत अंडी घालते. बाहेरून नुसता टाचणीएवढा डाग, त्यावर डिंकासारखा थेंब, आत अळ्या. तुमच्या गळालेल्या फळांपैकी दोन-चार चिरून बघा. आत स्वच्छ असेल तर पराग मिळाला नव्हता, अळी दिसली तर माशी. असली फळं उकिरड्यावर टाकू नका, अळी तिथेच मातीत कोष करून माशी होऊन परत येते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे उन्हात ठेवा. हाताने पराग दिलेल्या फळाला चौथ्या दिवशी वर्तमानपत्राची किंवा जुन्या सुती कापडाची पिशवी घालायची. फळमाशीचा सापळा दुकानात मिळतो, पण त्यात फक्त नर अडकतात. एकट्या सापळ्याच्या भरवशावर राहू नका. फवारायची वेळ आलीच तर संध्याकाळी, फुलं मिटल्यावर. सकाळी फवारलं तर ज्या मधमाश्यांची वाट बघतोय त्याच मरतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की शेजाऱ्यांचा कोहळा जवळ आहे, त्याने भोपळा बिघडेल का. नाही. नवरात्रात ललितापंचमीला कोल्हापुरात टेंबलाईच्या टेकडीवर फोडतात तो कोहळा वेगळ्या जातीचा आहे, तो आशियातलाच. आपला तांबडा भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. दोघांचा संकर होत नाही. दुधी, दोडका, कारलं यांच्याशीही नाही. कारल्याजवळ लावला म्हणून भोपळा कडू झाला, हे आमच्या गल्लीत अजून छातीठोकपणे सांगतात. पण कुठल्याही कारणाने एखादा भोपळा कडू लागलाच, तर "थोडा गूळ जास्त घालू" म्हणून खाऊ नका, सरळ टाकून द्या. तो कडूपणा विषारी असतो.

बाजारातल्या संकरित भोपळ्याचं बी धरू नका, पुढच्या वर्षी काय निघेल सांगता येत नाही. बेंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेचा अर्का चंदन हा वाण दोन-तीन किलोचा होतो, चार माणसांच्या घराला तेवढा पुरतो. मोठा भोपळा कापला की आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तीच भाजी, आणि पोरं तोंड वाकडं करतात.

फळ नारळाएवढं झालं की खाली उसाचं पाचट घाला, ओल्या मातीला टेकलं की बूड कुजतं. काढायची घाई नको. देठ वाळून लाकडासारखा झाला आणि सालीत नख रुतेना झालं, की मग कोयत्याने चार बोटं देठ ठेवून कापा. देठाला धरून उचलू नका, तो तुटला तर तिथूनच सड लागते. दहा दिवस कोरड्या जागी पसरून ठेवला की तो पुढे तीन-चार महिने टिकतो. घारगे करायचे तर असा मुरलेलाच घ्या, ताज्या काढलेल्याला पाणी फार सुटतं आणि कणीक सैल होते.

आज संध्याकाळी पिवळ्या टोकाच्या कळ्या शोधा. एकही मादी दिसली नाही तर चार दिवसांनी परत बघा, आणि तोवर युरियाची पिशवी घरात असली तर कुणाला तरी देऊन टाका.