वॉर्डातल्या लोकांत राहून आमचा मुलगा आणखी बिघडेल का?

मानसोपचार वॉर्डात भरती करायची म्हटलं की नातेवाईक औषधांबद्दल नंतर विचारतात. आधी येते ती धास्ती, 'तिथं कसले कसले पेशंट असतात!' भांडुपच्या एका काकूंचंही तेच. (ओळखीचे तपशील बदललेत.) मुलगा पंचविशीतला, कानात आवाज यायचे, दार लावून खोलीत बसलेला. "त्याला कुणात मिसळू देऊ नका हो," म्हणाल्या.

स्किझोफ्रेनिया हा त्याचा आजार काही सर्दीसारखा लागत नाही, हे मी त्यांना आधी सांगितलं. आणि एकटं राहून तर मुलगा इथवर आला होता.

शेजारच्या खाटेवर बेस्टमधून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. "या गोळीनं तोंड सुकतं, बाटली उशाशी ठेव," हे त्याला डॉक्टरांनीही सांगितलं होतं, पण ऐकलं ते कंडक्टरकाकांचं! मग एका दुपारी कॅरमला चौथा गडी मिळेना, तेव्हा याला हाक गेली. खेळला वाईट, पण डाव संपेपर्यंत उठला नाही.

सगळंच गोड नसतं. रात्री कुणी ओरडतं, कुणी सारखे पैसे मागतं. कुणी जीव देण्याबद्दल बोललं तर मनात ठेवायचं नाही, लगेच सिस्टरना सांगायचं, हे आम्ही प्रत्येक पेशंटला बजावतो.

माझं विचाराल तर शेजारी कोण आहे यापेक्षा स्टाफ कसा बोलतो ते बघा. मावशी नावानं हाक मारतात की खाटेच्या नंबरानं? सिस्टर गोळ्या देताना दोन शब्द बोलतात, की टेबलामागूनच ओरडतात? वॉर्ड चांगला की वाईट, ते मला भिंतींच्या रंगापेक्षा यावरून कळतं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं पेशंटला भेटीचा, फोनचा आणि स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क दिलाय. एकांतात कोंडून ठेवायला तर मनाईच आहे. तेव्हा विचारायला बिचकू नका.

डिस्चार्जच्या दिवशी काकूंचा प्रश्न बदलला होता. कंडक्टरकाकांचा नंबर घेऊ दे का त्याला? म्हटलं, दोघांची मर्जी असेल तर खुशाल घेऊ दे. फक्त पैशांची देवघेव नको, आणि एकमेकांचं ऐकून गोळ्या कमी-जास्त करायच्या नाहीत.